गणिताचे सर रडत नाहीत

कुंभारटाकळी इथल्या कै. धोंडीराम बाप्पा माध्यमिक विद्यालयात दहावीचा निरोप समारंभ दरवर्षी होतो आणि त्यात दरवर्षी कुणीही रडत नाही. ही बाब संस्थेच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. कारण भाषणं चालू असताना सगळ्यांच्या माना खाली असत आणि त्या दुःखाने खाली आहेत की झोपेने, याची नोंद ठेवायची पद्धत नव्हती. मुलं शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट देत, बाप्पांच्या घराण्यातले संस्थाध्यक्ष विजयसिंह दादा मुलांना उज्ज्वल भविष्य भेट देत, आणि पेढा खाऊन जो तो आपापल्या वाटेला लागे. ऑफिसच्या भिंतीवर अशी कितीतरी बॅचची घड्याळं लटकत होती आणि प्रत्येकाची वेळ वेगळी होती. मुख्याध्यापक आप्पाराव सर त्यातलं सोयीचं असेल ते बघून शाळा सोडत.

त्या वर्षी मात्र गणिताचे अशफाक सर रडले.

गणिताच्या शिक्षकाने मुलांना रडवावं, अशी आपल्याकडे रीत आहे. स्वतः रडणं त्याच्या कामात धरलेलं नाही. पण झालं असं की, अशफाक सर नोकरीला लागले तेव्हा शाळा विनाअनुदानित होती, म्हणजे सरकार पगार देत नव्हतं आणि संस्था ‘बघू की’ म्हणत होती. पुढे सरकारला दया आली आणि वीस टक्के अनुदान सुरू झालं. वीस टक्के म्हणजे महिन्याचे पहिले सहा दिवस सर नोकरदार असत आणि उरलेले दिवस राष्ट्राचे शिल्पकार. शिल्पकाराला पोट असतं, म्हणून संध्याकाळी ते सिरसाळ्याच्या बाजारात वडिलांच्या, रहमतुल्ला चाचांच्या, मोसंबीच्या गाड्यावर उभे राहत. ज्यांच्या मुलांना सकाळी वर्गमूळ शिकवलं, त्यांनाच संध्याकाळी मोसंबी तोलून देत. पालक दोन्हीकडे एकच म्हणत, “सर, जरा जास्त द्या की.”

समारंभाच्या सकाळी त्यांनी बायकोला, अदिबाला, शब्द दिला होता. ती घरी लेकरू सांभाळून साड्यांना फॉल-पिको करायची आणि दिवे लागले की तिचे डोळे चुरचुरायचे. सर म्हणाले होते, “बास झालं. या महिन्यात पूर्ण पगाराचा निर्णय होतोय. मशीन झाकून ठेव.” आणि इकडे विजयसिंह दादा माइकवर “ही लेकरं आता आपल्याला सोडून चालली” असं म्हणत असतानाच सरांच्या खिशात मोबाइल थरथरला. शिक्षकांच्या ग्रुपवर मजकूर होता, ‘पूर्ण अनुदानाचा निर्णय पुढील अधिवेशनापर्यंत लांबणीवर.’

सरांनी आधी चष्मा काढला. मग रुमाल काढला. मग खांदे हलू लागले, आणि मग सगळ्या सभेला ऐकू जाईल असा एक हुंदका आला, जो माइकने इमानाने उचलला.

दहावीतल्या एका मुलीने ते चित्रित केलं, मागे बासरी लावली आणि वर लिहिलं, ‘सर नव्हे, माय!’ दुसऱ्या दिवसापर्यंत ती माय परळी ओलांडून बीडला आणि बीड ओलांडून दुबईला पोचली. तिथून कुणीतरी लिहिलं, ‘असे शिक्षक आता राहिले नाहीत.’ ते लिहिलं गेलं तेव्हा असे शिक्षक सिरसाळ्यात मोसंबी निवडत होते.

दादांनी त्यांना बंगल्यावर बोलावलं.

“सर, काय रडलात हो तुमी! आमच्या बाप्पाच्या मातीला एवढं कुनी रडलं न्हवतं.”

“दादा, ते जरा...”

“जरा न्हाई, लई! सोनपेठच्या तिकडून पालकांचे फोन यायलेत. रडनारे सर हायेत ती हीच शाळा का म्हनून.”

या फोनचं महत्त्व समजायला इकडची एक रीत माहीत पाहिजे. मे महिना लागला की इथले शिक्षक मुलं शोधायला निघतात. उन्हातान्हात घरोघर हिंडतात, गणवेश देऊ म्हणतात, ऑटोचं भाडं भरू म्हणतात, पोराच्या आजोबांची तब्येत विचारतात. वर्गात मुलं भरली तर शिक्षकाची जागा टिकते. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, आणि अतिरिक्त शिक्षकाला सरकार दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात नेऊन ठेवू शकतं, घरातल्या जुन्या कपाटासारखं. त्या वर्षी मात्र पालक आपल्या पायांनी आले. एकाने तर दारातूनच सरांकडे बोट दाखवून विचारलं, “ह्येच का?” आणि पोराचा दाखला टेबलावर ठेवला. शाळेचा निकाल किती लागतो, हे त्याने विचारलं नाही. शाळेवर त्याचे हे उपकारच झाले.

“पूर्ण पगाराचा तुमचा प्रस्ताव माझ्या सहीनं जानार हाय,” दादा म्हणाले. “त्याची काळजी सोडा. तुमी फकस्त रडत ऱ्हावा.”

अशफाक सरांनी मनातल्या मनात उदाहरण सोडवलं. रडणं बरोबर सही, सही बरोबर पगार, पगार बरोबर झाकलेलं मशीन. उत्तर बरोबर येत होतं. ते हो म्हणाले.

मग वेळापत्रक लागलं. प्रवेशोत्सवाला रडायचं, पालक सभेला रडायचं, पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेल्यावर रडायचं. वृक्षारोपणाला रडण्याचं कारण सापडेना, तेव्हा आप्पाराव सरांनी गेल्या वर्षीच्या खड्ड्यांकडे बोट दाखवलं. खड्डे तेच होते. सरांना भरून आलं.

त्यांची पद्धत साधी होती. मंचावर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि ‘लांबणीवर’ हा शब्द आठवायचा. पाणी यायचंच. समोर मोबाइल वर व्हायचे. संस्थेने त्यांचे गणिताचे तास कमी केले, कारण तास घेतले की सर दमायचे आणि दमलेल्या माणसाचं रडणं कोरडं दिसतं, असं दादांचं निरीक्षण होतं.

एका शाळेत एकच शिक्षक रडतो, हे बरं दिसेना. म्हणून बाकीच्या शिक्षकांसाठी बीडला एका मंगल कार्यालयात ‘शिक्षकांचे भावनिक योगदान : एक दिशा’ असं प्रशिक्षण झालं. त्याचा खर्च शिक्षकांनी आनंदाने उचलला. आनंदाने उचलावा, असं पत्रातच होतं. तिथल्या व्याख्यात्यांनी विचारलं, “पगार हातात मिळतो. आशीर्वाद डोक्यावर मिळतो. आता सांगा, हात मोठा का डोकं?” शिक्षकांनी हाताकडे बघितलं. हात रिकामा होता, त्यामुळे डोकं मोठं ठरलं.

प्रशिक्षणानंतरही मराठीच्या स्वप्नाली मॅडमना रडू येईना. त्यांना नोटीस आली, ‘आपल्या डोळ्यांत अपेक्षित प्रगती दिसून येत नाही. तरी खुलासा करावा.’

“काय खुलासा करू, सर?” त्या अशफाक सरांना म्हणाल्या. “मी घरी रडते. शाळेत वेळ कुठाय? खिचडी मोजा, मतदारयादी करा, ऑनलाइन माहिती भरा, तीच माहिती परत कागदावर भरा. मधल्या सुट्टीत रडीन म्हटलं तर मधल्या सुट्टीत पोरांच्या नखांचा सर्व्हे.”

“तेच लिहा की.”

“लिहिलं. आप्पाराव सर म्हणाले, रडणं घरी होत असेल तर त्याचा पुरावा जोडा.”

असं सगळं वर्षभर सुरळीत चाललेलं असताना घात झाला. पूर्ण अनुदान मंजूर झालं.

पगार खात्यात आला तेव्हा अशफाक सर गाड्यावर होते. त्यांनी तो मेसेज वाचला, चाचांना वाचून दाखवला आणि हातातली मोसंबी सोलून स्वतःच खाल्ली. गाडा लावायला लागल्यापासून माल खायची त्यांची ही पहिलीच वेळ. चाचांनी दुसरी सोलून दिली.

त्यानंतर सरांच्या वागण्यात जे बदल झाले, ते संस्थेच्या दृष्टीने काळजीचेच म्हणायला हवेत. ते संध्याकाळी घरी थांबू लागले. त्यांना झोप लागू लागली. अदिबाने मशीन झाकलं आणि वर चादर टाकून त्याच्यावर फुलदाणी ठेवली. सर वह्या घरी आणून तपासू लागले, आणि वर्गात ‘समजलं का?’ असं विचारून उत्तरासाठी थांबू लागले. पोरांना याची सवय नव्हती. आधी ती घाबरली. मग एकेकाला बीजगणित समजू लागलं. चाचणीत नववीचा वर्ग, काही अपवाद सोडता, स्वतःच्या अकलेने पास झाला.

निकाल वाढला. पण निकालाचा व्हिडिओ निघत नाही.

शिक्षक दिनाला मांडव भरला होता. सर मंचावर गेले, डोळे मिटले, आणि ‘लांबणीवर’ आठवायला लागले. तो शब्द आता त्यांना आपल्या लहानपणच्या तापासारखा वाटत होता, कधीतरी येऊन गेलेला. ते थांबले. समोर हात वर करून मोबाइल धरलेले पालक अवघडले. “सर, घ्या की,” मागून कुणीतरी धीर दिला. सरांनी मनापासून प्रयत्न केला, आणि या प्रयत्नात त्यांना नेमका बँकेचा मेसेज आठवला. ते हसले. भर सभेत, शिक्षक दिनाच्या दिवशी, एक पूर्ण पगारी शिक्षक हसला.

तोही व्हिडिओ फिरला. वर लिहिलं होतं, ‘पगार आला, माया आटली!’

पुढच्या पालक सभेत सारजाबाई उठल्या. त्यांची नात नववीत होती.

“माजी नात म्हनती, सर लई चांगलं शिकवायलेत. म्या म्हनते, कावून? एकाएकी कावून शिकवायलेत? आदी कसं, माया करायचे.”

“मावशी, पोरगी पास झाली ना?” अशफाक सरांनी विचारलं.

“पास तर झाली. पन तिच्यासाटी कुनाच्या डोळ्याला पानी न्हाई, ह्येचं वाईट वाटतंय बगा.”

“पोट भरल्यावर कोन रडतंय बे,” तानाजी नावाचे एक पालक शेजारच्याला म्हणाले, पण असं म्हणाले की मंचापर्यंत जावं. “आमच्या गावाशेजारी नवी शाळा निगाली. तितल्या मास्तरला छदाम न्हाई. काय रडतंय गडी! बगत ऱ्हावं वाटतंय.”

आठवडाभरात तानाजींच्या पोराने शाळा बदलली. त्याच्यामागे आणखी पोरं गेली. सारजाबाईंची नातही जायची होती, पण ती गणितासाठी अडून बसली. आजकालची मुलं ऐकत नाहीत, हे सारजाबाईंनी गावभर सांगितलं.

दादांनी वेळ दवडला नाही. शिक्षकांच्या मानसिक स्वास्थ्याकडे संस्थेचं लक्ष आहे, असं जाहीर करून त्यांनी बीडहून रामप्रसाद नावाचे समुपदेशक बोलावले. हे गृहस्थ एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर बसत आणि खालून खचून वर आलेली मुलं तपासत. त्यांनी आप्पाराव सरांच्या खुर्चीत बसून अशफाक सरांना तपासलं.

“झोप?”

“लागते.”

“मध्येच दचकून जागं होणं?”

“आता नाही.”

“भूक?”

“चांगली आहे.”

रामप्रसादांचा चेहरा गंभीर होऊ लागला. “मुलांचा राग येतो? ओरडावंसं वाटतं? शाळेचं गेट दिसलं की छातीत धडधड?”

“नाही हो. उलट सकाळी लवकर यावंसं वाटतं.”

“लवकर!” रामप्रसादांनी पेन खाली ठेवलं आणि दादांकडे पाहिलं. “हे कधीपासून?”

“पगारापासून,” दादा म्हणाले.

अहवाल त्याच दिवशी मिळाला. ‘शिक्षकाचे मानसिक स्वास्थ्य समाधानकारक आहे. कारण : नियमित व पूर्ण वेतन. तातडीने उपचार आवश्यक.’

उपचारात अडचण एकच होती. पगार सरकार थेट खात्यात टाकतं, तो संस्थेला थांबवता येत नाही. दादांनी सरांना बंगल्यावर बोलावून चहा दिला.

“पगार येऊ द्या खात्यात. सरकारचा मान हाय त्यो. फकस्त तुमची आन् त्याची गाठ पडू द्यायची न्हाई. एटीएम कार्ड माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. चेकबुकबी द्या. तुमच्या तब्येतीसाटीच म्हनतोय.”

“दादा, मग घर कसं चालवायचं?”

“आदी कसं चालवत व्हते?” दादांनी बशीत चहा ओतला. “सर, पट घसरायलाय. पट घसरला की आदी कोन अतिरिक्त ठरतंय, ते गनित म्या तुमाला शिकवू का?”

घरी येऊन सरांनी हे अदिबाला सांगितलं. ती फुलदाणीतलं पाणी बदलत होती.

“देऊ नका,” ती म्हणाली.

“नाही दिलं तर जिल्ह्याबाहेर जावं लागेल. अब्बांना कोण बघणार? इथं राहून निदान...”

“अजी, निदान काय? अब्बांच्या गाड्यावर मोसंबी नासली तर अब्बा फेकून देतेत. ह्ये लोकं तुमाला आदी नासवायलेत आन् मंग इकायलेत.”

सरांनी पुन्हा उदाहरण मांडून पाहिलं. या वेळी उत्तर येत नव्हतं, पण कुठल्या ओळीत चुकतंय तेही सापडत नव्हतं. सकाळी त्यांनी कार्ड दिलं. दादांनी ते पाकिटात नीट ठेवलं आणि पाकिटावर सरांचं नाव लिहिलं. वस्तू कुणाची आहे याबद्दल दादांच्या मनात कधीच गोंधळ नसे.

उपचाराला गुण आला. पहिल्याच पालक सभेत अशफाक सर असे रडले की पुढच्या रांगेतल्या बायकांनी मोबाइल खाली ठेवून पदर तोंडाला लावला. “आता कसं आमचे सर वाटायलेत,” सारजाबाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. हारतुरे झाले. सभा संपली. खुर्च्या उचलल्या गेल्या. सर रडतच होते.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात रडले. फळ्यावर समीकरण मांडलं, बरोबरच्या चिन्हापाशी आले आणि पुढे काय लिहायचं ते दिसेना. तिसऱ्या दिवशी ते एसटीत रडले. कंडक्टरने ओळखलं आणि त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला. आवाज नसे, हुंदका नसे, नुसतं पाणी. गाड्यावर मोसंबी तोलताना काटा ओला होई आणि गिऱ्हाईक म्हणे, “राहू द्या सर, तुमच्याकडून वजन काय बघायचं.” कमी आलं तरी लोक घेऊन जात.

संस्थेचा पट मात्र वाढला. तानाजींचं पोरगं परत आलं. वर्गात बसायला जागा उरली नाही तेव्हा पालक म्हणाले, पोरगं व्हरांड्यात बसलं तरी चालेल, पण सर दिसले पाहिजेत. आजूबाजूच्या संस्थांची माणसं येऊन पद्धत समजून घेऊन गेली. कार्ड जमा करून घेण्याला ‘भावनिक सुरक्षा ठेव’ असं भारदस्त नाव मिळालं. स्वप्नाली मॅडमनीही कार्ड जमा केलं आणि त्यांच्या डोळ्यांत, नोटिशीच्याच भाषेत सांगायचं तर, अपेक्षित प्रगती दिसून आली. शाळेला ‘आदर्श भावनिक शाळा’ असा पुरस्कार मिळाला. त्या वर्षी गणिताचा निकाल निम्म्यावर आला, पण तो वाचायला कुणी थांबलं नाही.

अदिबा दादांच्या बंगल्यावर गेली ती पुरस्काराच्या दुसऱ्या दिवशी. ओसरीवर माणसं बसली होती, हार अजून ताजे होते.

“दादा, कार्ड द्या,” ती उभ्याउभ्याच म्हणाली.

“बसा की, ताई. काय झालं?”

“घरीबी रडायलेत त्ये. जेवताना रडायलेत. लेकरू मांडीवर घेतलं तर लेकराच्या डोक्यावर पानी. अब्बा इचारतेत, कोन मेलं. काय सांगू?”

दादा पुढे सरसावले. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

“घरी? घरी रडायलेत?”

“हो.”

“ताई, ते शाळेचं रडनं हाय. घरी वाया घालवू देऊ नका. पुढच्या महिन्यात मंत्री यायलेत.”

ओसरीवरची माणसं हसली नाहीत. सगळ्यांनी मान डोलावली. त्यातल्या तिघांची मुलं याच शाळेत होती आणि काळजी त्यांनाही होतीच. अदिबा घरी गेली आणि मशीनवरची फुलदाणी उचलून खाली ठेवली.

विद्यालयात नव्या वर्षाचे प्रवेश सुरू आहेत. गर्दी फार आहे, त्यामुळे तुमच्या पाल्याला जागा मिळेलच असं नाही. पण निराश होऊ नका. तुमच्या जवळ जी शाळा असेल तिथे एकदा जाऊन या. इमारत बघू नका, निकाल विचारू नका, तुमच्या वेळी शिक्षक कसे सेवाभावी होते ते तेवढं आवर्जून सांगा, आणि सांगता सांगता समोरच्या सरांच्या डोळ्यांकडे नीट बघा. पाणी दिसलं, तर निर्धास्तपणे प्रवेश घ्या. डोळे कोरडे असतील आणि वर सर हसून बोलत असतील, तर मात्र सावध व्हा आणि वरपर्यंत तक्रार करा. त्यांना पगार वेळेवर मिळत असण्याची दाट शक्यता आहे.